तिनं नाही म्हटलं तर?

अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि मेळघाटातला गाविलगड. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात या दोन्ही ठिकाणी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याची सोयरीक फिसकटलेली होती. कॅथरीन पॅकेनहॅमच्या घरच्यांनी तुटपुंज्या मिळकतीचा अधिकारी म्हणून त्याला नाकारलं होतं. इथल्या लढायांनी त्याला नाव आणि पैसा दिला. परत गेल्यावर जुन्या शब्दाखातर १८०६ मध्ये त्यानं तिच्याशीच लग्न केलं. मधल्या कित्येक वर्षांत दोघांची गाठभेटही झाली नव्हती. तो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. संसार मात्र दोघांनाही सुखाचा गेला नाही.

इंग्लंडच्या त्याच जमान्यावर, १८११ ते १८२० च्या रीजन्सी काळावर, आज ढीगभर शृंगारिक कादंबऱ्या निघतात. ‘ब्रिजर्टन’ मालिका आल्यापासून अमरावती-अकोल्याच्या मुलीही त्या मोबाइलवर वाचतात. त्यातलं हुकमी कथानक सोयीच्या लग्नाचं. जॉर्जेट हेयरच्या ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’मध्ये (१९६१) कर्जात बुडालेला उमराव श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी करतो. हेयर शयनगृहात शिरत नाही. आजच्या लेखिका शिरतात, आणि मला त्यांचं मोल तिथंच वाटतं. लग्नाच्या रात्री नवरा दारात थांबून विचारतो. ती नाही म्हणते. तो आपल्या खोलीत निघून जातो. शृंगार सुरू होतो तो तिला स्वतःला हवासा वाटेल तेव्हा.

खऱ्या रीजन्सी काळातल्या बायकोला हा हक्क नव्हता. लग्न लागलं की स्त्रीनं कायमची संमती दिली, असं न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या १७३६ साली छापलेल्या ग्रंथात लिहिलं होतं आणि कायदा त्यावरच चाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही नवऱ्याला तीच सूट मिळाली. इंग्लंडनं हे तत्त्व १९९१ मध्ये मोडीत काढलं. आपल्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये मात्र तो अपवाद शाबूत आहे: पत्नी १८ वर्षांची झालेली असेल, तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार ठरत नाही.

वऱ्हाडात लग्नं सोय बघूनच जुळतात. बैठकीत एकर किती, ओलित आहे का, नोकरी पर्मनंट की कंत्राटी, सगळं विचारतात. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून मुलींना बोल लावतात. मला ते पटत नाही. कपाशीचा भाव पडला की घरात काय होतं, हे तिनं माहेरी पाहिलेलं असतं. तिनं आपली सोय पाहिली तर चुकलं काय? चुकतं ते पुढं. साक्षगंध झालं की मावशी-मामी तिला सांगतात, ‘सांभाळून घे.’ मुलाला कोणी काहीच सांगत नाही. तिच्या देहावरचा त्याचा हक्क सगळ्यांनी धरूनच चाललेला असतो.

कलम ६३ मधला तो अपवाद गेलाच पाहिजे. पण कायदा बदलायची वाट पाहत बसायचं कारण नाही. सातबारा बारकाईनं तपासणाऱ्या वडीलधाऱ्यांनी लग्नाआधी आपल्या मुलाला जवळ बसवून एवढं विचारावं: तिनं नाही म्हटलं, तर तू काय करशील?