सशाचा टब कोण उचलणार?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक माझ्या घरी होती. दहा-बाराजणी जमल्या. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा झाला. निघता निघता एकीने मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, ''वहिनी, तुमच्याकडे तो ससा आहे ना अजून? मग घरात वास कसा येत नाही हो?''

तिच्या मुलासाठी दिवाळीत आणलेला ससा आता घरात कुणालाच नको होता. सासरे म्हणत होते, माळावर नेऊन सोडून द्या. नवरा म्हणत होता, तूच आणू दिलास, आता तूच बघ. आणि ती बिचारी दिवसातून दोनदा फिनेल ओतून, संध्याकाळी उदबत्त्या लावून थकून गेली होती. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. सशापायी रडू यावं याची तिला वर लाजही वाटत होती.

मैत्रिणींनो, मला मात्र त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मीही त्याच ठिकाणी उभी होते.

आमच्याकडे ससा आला तो धाकट्या लेकीच्या वाढदिवसाला. भुंकत नाही, मांस-मच्छी लागत नाही, गवत खातो आणि गप्प बसतो, म्हणून सासूबाईसुद्धा तयार झाल्या. विकणाऱ्याने मादी म्हणून दिली, म्हणून नाव ठेवलं चिंगी. चार-पाच महिन्यांनी चिंगीने सोफ्याच्या पायावर, दाराच्या चौकटीवर आणि एक दिवस ह्यांच्या इस्त्रीच्या पँटवर फवारा मारला, तेव्हा उलगडा झाला. ही चिंगी नव्हे, हे चिंगूशेठ आहेत! आम्ही पोट धरून हसलो. पण हसणं आठवडाभरच टिकलं. उन्हाळा सुरू झाला होता. दुपारी दारं-खिडक्या बंद, आणि दार उघडून आत आलं की तो उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास!

मग मी जे जे केलं ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. फिनेल झालं, कापूर झाला, टबाच्या मागे डांबराच्या गोळ्याही ठेवून झाल्या. शेवटी मला एक 'अक्कल' सुचली. पाणी कमी दिलं की लघवी कमी होईल आणि वासही कमी होईल. मी त्याची वाटी अर्धीच भरायला लागले. तिसऱ्या दिवशी चिंगूने गवताला तोंड लावलं नाही. लेंड्या बारीक झाल्या, लघवी चुन्याच्या निवळीसारखी नव्हे, अगदी कालवलेल्या चुन्यासारखी घट्ट. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ''पाणी किती पितो?'' मला खरं सांगावं लागलं. लेक शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

चिंगू वाचला. पण त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं, ते ससा आणण्याआधीच कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! सशाचं शरीर अन्नातला जास्तीचा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून त्याची लघवी थोडी गढूळ, पांढरट असणं स्वाभाविक. पण पाणी कमी पडलं की हाच क्षार मूत्राशयात साठतो, गाळ होतो, खडे होतात. तेव्हा वासासाठी सशाचं पाणी तोडणं म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणं. पाण्याची वाटी दिवसरात्र भरलेलीच हवी. आणि ससा बारा तास काही खात नसेल, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

आता वासाकडे येऊ. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साठून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि नाकाला झोंबतो तो हाच. सशाच्या कोरड्या लेंड्यांना तर जवळजवळ वासच नसतो. म्हणजे झगडा आहे तो ओल्याशी आणि शिळ्याशी. वर कितीही सुगंध शिंपडा, खाली ओल आहे तोवर अमोनिया तयार होतच राहणार. आपल्याला घरात राहून राहून त्या वासाची सवय होते, पाहुण्याला तो उंबऱ्यावरच कळतो. पण सगळ्यात जास्त त्रास होतो तो सशालाच. तो नाकानेच श्वास घेतो आणि त्याचं नाक सतत त्या टबाजवळ असतं. उदबत्तीचा धूर आणि फिनेलची वाफही तोच बिचारा ओढतो. डांबरगोळी तर विषच आहे, ती सशाच्या आसपासही नको.

आमच्या घरात आता काय चालतं ते सांगते. ससा साधारणपणे एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तो कोपरा त्याने निवडला की टब तिथेच ठेवायचा, आपल्या सोयीच्या जागी नव्हे. टब पसरट हवा, ससा आत आरामात वळू शकेल एवढा. तळाला जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी, तिच्यावर फाडलेल्या कागदाचे तुकडे आणि वर कोरडं गवत. टबाच्या एका टोकाला खायचं ताजं गवत ठेवायचं. सशांना खाता खाताच हे सगळं उरकायची सवय असते, त्यामुळे ते आपोआप टबात बसतात. सुतारकामाचा भुसा मात्र फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्याची बारीक धूळ नाकात जाते, आणि प्लायवूडचा असेल तर त्यात गोंदही असतो. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी वाळूही सशाला चालत नाही. चुकून खाल्ली तर पोटात अडकते.

रोज सकाळी ओला झालेला थर काढून टाकायचा आणि नवा घालायचा. दर दोन-तीन दिवसांनी टब धुवायचा. तळाला जो पांढरा, खरखरीत थर बसतो तो साबणाने निघत नाही. तो क्षारच आहे, आपल्या हीटरच्या कॉइलवर बसतो तसा. त्यावर साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घालून अर्धा तास ठेवायचं. क्षार सुटतो, वासही जातो. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्वाचं पाणी. मग स्वच्छ पाण्याने धुऊन टब उन्हात वाळवायचा. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. सशाच्या लघवीवर ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही टाकायचं नाही आणि ते व्हिनेगरमध्ये तर मुळीच मिसळायचं नाही. दोन्ही वेळा विषारी वायू तयार होतो आणि बंद मोरीत बसून घासणारी असते ती आपणच.

टब धुतल्यावर जुन्या गवताची चिमूटभर काडी नव्या थरात ठेवावी, म्हणजे सशाला आपली जागा ओळखू येते. पावसाळ्यात जास्त सांभाळावं लागतं. गवताला बुरशी लागते, हवेत ओल असते आणि सशाचं मागचं अंग ओलं, घाण राहिलं तर माशा अंडी घालतात, अळ्या पडतात. म्हणून त्या दिवसांत रोज त्याला उचलून खालून बघायचं.

वासाचा निम्मा संबंध खाण्याशी आहे. चित्रातला ससा नेहमी गाजर खातो, म्हणून आपणही गाजरं देतो. शिवाय लाडाने बिस्किट, ब्रेड, पोळीचा तुकडा. खरं तर सशाचं मुख्य अन्न वाळलेलं गवत. सोबत कोथिंबीर, गाजराचा पाला असं थोडं हिरवं. गाजर म्हणजे त्याची मिठाई. सशाची दोन प्रकारची विष्ठा असते. कोरड्या लेंड्या वेगळ्या आणि द्राक्षाच्या बारीक घोसासारखी मऊ, चिकट वेगळी. ही दुसरी तो स्वतःच तोंडाने उचलून खातो. किळस करू नका, त्याला त्यातूनच जीवनसत्त्वं मिळतात. पण गोड आणि पिठूळ खाणं जास्त झालं की ती तशीच पडून राहते, अंगाला चिकटते आणि मग जो वास सुटतो तो विचारू नका! बिस्किटं बंद केल्यावर आमच्याकडे आठ-दहा दिवसांत फरक पडला.

आणि ते फवारे? वयात आलेला नर आपली हद्द आखण्यासाठी असं करतो. मादीही कधी कधी करते. मारून, ओरडून ते थांबत नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया केली की बहुतेक वेळा काही आठवड्यांत थांबतं आणि लघवीचा उग्रपणाही उतरतो. माद्यांना तर वय वाढल्यावर गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो, तोही टळतो. ही शस्त्रक्रिया प्रत्येक गावात होत नाही. सशांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधून, वेळ पडल्यास शहरात जाऊन करावी लागते. आम्ही गेलो. खर्च झाला, पण रोजच्या कटकटीपेक्षा तो परवडला.

आता 'माळावर सोडून द्या' याबद्दल. आपल्या माळावर दिसतो तो रानससा आणि घरातला पांढरा ससा हे वेगळे प्राणी आहेत. घरातल्या सशाचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या जिवाला ना लपायचं कळतं, ना पळायचं. पहिल्याच रात्री कुत्री त्याला फाडतात. 'निसर्गात सोडला' म्हणून आपण फक्त आपल्या मनाचं समाधान करतो. पाळलेल्या जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

पण खरं सांगू? तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते सशामुळे नव्हतंच. ससा आणला सगळ्यांनी, फोटो काढले सगळ्यांनी, आणि टब उचलायला ती एकटी! घरात मोरीचा वास येवो, डब्यातल्या शिळ्या भाजीचा येवो की सशाचा, जाब बाईलाच विचारला जातो. आमच्याकडेही हेच होतं. दवाखान्यातून आल्यावर मी सरळ सांगितलं, ससा राहील, पण टब मी एकटी उचलणार नाही. आता लेक सकाळी ओला थर काढते. धुण्याचं काम ह्यांच्याकडे. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधून गेले होते, आता बिनरुमालाचे जातात! सासूबाई रद्दीच्या घड्या करून ठेवतात आणि कोरड्या लेंड्या मोगऱ्याच्या कुंडीत टाकतात. मोगरा यंदा असा फुलला की शेजारीण खत कुठून आणलं ते विचारून गेली. सगळं मिळून रोजची दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढंच काम एका बाईवर साठत गेलं की घराला वास येतो आणि तिच्या जिवाला घोर लागतो.

म्हणून तुमच्या मुलाने सशाचा हट्ट धरला तर नाही म्हणायची घाई करू नका, आणि हो म्हणायचीही नको. ससा नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं जगतो. दुसरीतलं मूल तोवर कॉलेजात जाईल. आधी सगळ्यांना एकत्र बसवा आणि एकच विचारा, टब कोण उचलणार? उत्तरात एकापेक्षा जास्त नावं आली, तरच ससा घरी आणा.

त्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं, व्हिनेगरची अर्धी बाटलीही दिली. परवा बाजारात भेटली. म्हणाली, ''वहिनी, वास गेला. आणि काल टब कुणी धुतला ठाऊक आहे? मामंजींनी!''