विहीर गोल का? एका पोकळ दंडगोलाचा इतिहास

१/ बारवांची छायाचित्रे आपण आवडीने पाहतो. यवतमाळ जिल्ह्यातील शेतातल्या साध्या गोल विहिरीकडे मात्र इतिहास म्हणून कुणी पाहत नाही. माझ्या मते ही आपली चूक आहे.

२/ येथे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चौकोनी विहिरीची सरळ भिंत या रेट्याने आत झुकते. गोल भिंतीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबला जातो आणि कडे अधिकच घट्ट बसते. जणू आडवी निजवलेली कमान.

३/ शिवाय काटकसर. २० फूट व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६३ फूट. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसाला सुमारे ७१ फूट भिंत लागते.

४/ आता दगड किती? आतला व्यास २०, बाहेरचा २२, म्हणून मधला २१ फूट. त्याला २२/७ ने गुणले की परीघ ६६ फूट. भिंतीची जाडी १ फूट, बांधकामाची खोली २० फूट धरली तर १३२० घनफूट, म्हणजे १३.२ ब्रास. पोकळ दंडगोलाचे सूत्र एवढेच : मधला परीघ × जाडी × खोली.

५/ भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) खोदकामासाठी खातव्यवहार आणि विटांच्या रचनेसाठी चितिव्यवहार अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. १० हात व्यासाच्या, ५ हात खोल गोल खड्ड्याचे उदाहरणही आहे; त्याचे घनफळ ३९२.७ घनहात. व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म गणनेसाठी ३९२७/१२५० ही दोन्ही गुणोत्तरे त्यांनी दिली.

६/ विहीर बांधणाऱ्या गवंड्याने हा ग्रंथ वाचला होता, असा माझा दावा नाही. गणिताचा इतिहास पोथीत असतो तसा कारागिराच्या हातांतही असतो, एवढेच माझे म्हणणे. पोथी जपली गेली. हातांच्या कामाची नोंद कुणी ठेवली नाही.

७/ मोट थांबली, बोअरवेल आली आणि कित्येक विहिरी कचऱ्याने बुजू लागल्या. सुट्टीत गावी जाल तेव्हा आत न उतरता काठावरूनच व्यास आणि भिंतीची जाडी मोजा, दोरीला दगड बांधून खोली घ्या. मोटेची धाव आणि थारोळे शिल्लक असेल तर तेही टिपा. ही नोंद विहिरीच्या मालकालाही दाखवा. विहीर राखायची की बुजवायची, हे शेवटी त्यालाच ठरवायचे असते.