विश्लेषण : रक्त पातळ करणारी गोळी कोणती घ्यायची, हे डॉक्टरांनी एकट्यानेच ठरवावे का?

‘ठोके अनियमित आहेत, उद्यापासून ही गोळी सुरू करा, कायम घ्यावी लागेल.’ डॉक्टरांच्या खोलीतून रुग्ण बाहेर पडतो तेव्हा हातात चिठ्ठी असते. गोळी नेमकी कशासाठी, नाही घेतली तर काय होईल, दुसरी एखादी आहे का, हे विचारायचे राहून जाते. काही महिन्यांनी हिरडीतून रक्त आले की घरचेच घाबरून गोळी बंद करतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये आणि युरोपीय संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, हा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायला हवा. असे का? आणि आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत ते शक्य आहे का?

गोळीने रक्त खरेच पातळ होते का?

नाही. रक्त होते तितकेच दाट राहते, फक्त ते गोठण्याची क्रिया मंदावते. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी तयार होऊ शकते. ती मेंदूकडे गेली की पक्षाघाताचा झटका येतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे पाचपट असतो. गोळी गुठळी होऊ देत नाही, पण त्याच कारणाने रक्तस्राव झाल्यास तो लवकर थांबत नाही. फायदा आणि धोका दोन्ही एकाच गुणातून येतात, म्हणून निर्णय अवघड होतो.

आकडे काय सांगतात?

‘पक्षाघाताचा धोका दोन तृतीयांशाने कमी होतो’, हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. समजा, ज्यांना वर्षाला पाच टक्के धोका आहे असे १०० रुग्ण आहेत. गोळी न घेतल्यास वर्षभरात त्यातील सुमारे पाच जणांना झटका येईल. सगळ्यांनी गोळी घेतली तर सुमारे दोघांना येईल. म्हणजे तिघे वाचले, दोघांना गोळी घेऊनही झटका आला आणि ९५ जणांना तो तसाही येणार नव्हता. दुसरीकडे, मोठ्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या दर १०० जणांपैकी दोन ते तीन जणांना वर्षभरात गंभीर रक्तस्राव झाल्याचे दिसले. आपण या शंभरातले नेमके कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. धोका पाच टक्क्यांऐवजी एक टक्का असेल, तर हेच गणित पार बदलते. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी आलेला झटका यांवरून डॉक्टर प्रत्येकाचा धोका गुणांत मोजतात, तो यासाठीच.

‘साधी अॅस्पिरिन’ चालणार नाही का?

आपल्याकडे अनेक ज्येष्ठांना ‘सौम्य’ म्हणून अॅस्पिरिनच दिली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अव्हेरोज’ चाचणीत, वॉर्फरिन देता येणार नाही अशा सुमारे ५,६०० रुग्णांत अॅस्पिरिन आणि अपिक्साबॅन यांची तुलना झाली. वर्षाला पक्षाघात आणि शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण अॅस्पिरिन घेणाऱ्यांत ३.७ टक्के, तर अपिक्साबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के होते. गंभीर रक्तस्राव अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. अॅस्पिरिन सौम्य वाटते, पण या विकारात ती संरक्षणही तुटपुंजेच देते.

मग पर्याय कोणते?

मुख्य पर्याय दोन. पहिला जुना : वॉर्फरिन किंवा भारतात मोठ्या प्रमाणावर दिली जाणारी असेनोकुमारॉल. स्वस्त आणि अनेक दशकांच्या अनुभवाची. पण नियमित रक्त तपासून ‘आयएनआर’ बहुतेकांत दोन ते तीनच्या दरम्यान ठेवावा लागतो. पालक, मेथी, कोथिंबीर, अळू यांतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या विरोधात काम करते. या भाज्या सोडायच्या नसतात, प्रमाण सारखे ठेवायचे असते. चातुर्मासात ज्या घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात, तिथे आयएनआर बदलू शकतो, हे डॉक्टरांना सांगायला हवे.

दुसरा नवा : डॅबिगॅट्रॅन, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन, एडोक्साबॅन. यांत आयएनआर पाहावा लागत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वॉर्फरिनपेक्षा कमी. २०११ च्या ‘अॅरिस्टॉटल’ चाचणीत १८,२०१ रुग्णांत अपिक्साबॅनने पक्षाघात, गंभीर रक्तस्राव आणि मृत्यू हे तिन्ही वॉर्फरिनपेक्षा कमी दिसले. मात्र मूत्रपिंडाचे काम वेळोवेळी तपासावे लागते. परिणाम लवकर ओसरत असल्याने एक-दोन गोळ्या चुकल्या तरी संरक्षण निघून जाते. रिव्हारोक्साबॅन या आजारात जेवणासोबतच घ्यायची असते, त्यामुळे कडक उपवास करणाऱ्यांनी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. पेटंट संपल्यावर जेनेरिक आल्याने यातील काही गोळ्या भारतात पुष्कळ स्वस्त झाल्या. डॅबिगॅट्रॅनचा २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत समावेशही झाला. तरीही जुनी गोळी स्वस्तच पडते.

तालुक्याच्या गावात आयएनआर तपासणारी प्रयोगशाळा आहे का, दरमहा औषधाचा खर्च झेपेल का, दिवसातून दोनदा गोळी लक्षात राहील का, याची उत्तरे रुग्णाकडेच असतात. ती ईसीजीत दिसत नाहीत.

रुग्ण आणि डॉक्टर एकसारखा विचार करतात का?

नेहमी नाही. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २००१ मध्ये कॅनडातील एक छोटा पण गाजलेला अभ्यास आला. त्यात ६१ रुग्ण आणि ६३ डॉक्टरांना विचारण्यात आले की, पक्षाघात टाळण्यासाठी किती रक्तस्राव चालवून घ्याल? रुग्णांनी डॉक्टरांपेक्षा जास्त रक्तस्राव सोसायची तयारी दाखवली. कारण समजण्यासारखे आहे. गोळीमुळे रक्तस्राव झाला तर तो आपल्या हातून झाला असे डॉक्टरला वाटते. रुग्णाच्या डोळ्यांसमोर मात्र अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेले आयुष्य असते. उलटही घडते. एकट्या राहणाऱ्या, वारंवार पडणाऱ्या आजींना रक्तस्रावाचीच भीती अधिक वाटू शकते. दोघांचीही भीती बरोबरच आहे. म्हणूनच ती विचारावी लागते.

म्हणजे रुग्ण हवी ती गोळी मागू शकतो?

नाही. काही ठिकाणी निवड खुली नसते. हृदयात धातूची कृत्रिम झडप असेल तर वॉर्फरिन किंवा तिच्या गटातील गोळीच घ्यावी लागते. अशा रुग्णांत डॅबिगॅट्रॅन वापरून पाहणारी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्याने थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी बाब भारतासाठी विशेष महत्त्वाची आहे. लहानपणीच्या संधिवाती तापामुळे झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे अजूनही मोठ्या संख्येने आहेत, त्यात तरुण स्त्रिया बऱ्याच. भारतासह २४ देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत (२०२२) सुमारे ४,५०० अशा रुग्णांत जुन्या गटातील गोळी घेणाऱ्यांचे मृत्यू रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. ‘नवे ते चांगले’ हा नियम इथे चालत नाही. दार कुठे बंद आहे हे डॉक्टरांनी सांगायचे आणि उघड्या दारांपैकी कोणते, हे दोघांनी मिळून ठरवायचे.

दोन मिनिटांच्या ओपीडीत हे जमेल का?

‘बीएमजे ओपन’ने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार भारतात प्राथमिक स्तरावर डॉक्टर-रुग्ण भेट सरासरी दोनच मिनिटे चालते. अमेरिकेत ९२२ रुग्ण आणि २४४ डॉक्टरांच्या एका अभ्यासात (२०२०) धोका चित्ररूपात दाखवणारे साधन वापरले गेले. चर्चेची गुणवत्ता सुधारली आणि वेळ जेमतेम एका मिनिटाने वाढला. कोणते उपचार निवडले गेले, यात मात्र फारसा फरक पडला नाही. आणि तिथली भेट मुळात अर्ध्या तासाची होती. ते जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. पण सगळे बोलणे एकाच भेटीत आणि डॉक्टरांनीच करायला हवे असेही नाही. शंभर बाहुल्यांचे मराठी चित्र, परिचारिकेशी पाच मिनिटे आणि दुसऱ्या भेटीत निर्णय, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. पहिल्या भेटीत गोळी सुरू करून कोणती गोळी कायम ठेवायची हे पुढच्या भेटीत ठरवले, तर उपचारही लांबत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीत रुग्णहक्कांच्या सनदेचाही समावेश आहे. प्रश्न विचारणे हा रुग्णाचा आगाऊपणा नाही.

डॉक्टरांना काय विचाराल?

- माझ्यासारख्या १०० जणांत गोळीविना किती जणांना झटका येतो आणि गोळी घेतल्यावर किती जणांना?
- गंभीर रक्तस्राव किती जणांना होतो? माझा धोका कशाने कमी करता येईल? (रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मद्य टाळणे, मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक न घेणे हे रुग्णाच्या हातात आहे.)
- माझ्या झडपा आणि मूत्रपिंड पाहता कोणत्या गोळ्या चालतील? जुनी आणि नवी, महिन्याचा खर्च किती?
- गोळी चुकली, दात काढायचा असला किंवा क्षयरोगाचे औषध सुरू झाले, तर काय करायचे?

आणखी एक गोष्ट. निर्णय दोघांचा असेल, तर तो मोडण्याआधीही दोघांनी बोलायला हवे. नव्या गोळ्या अचानक बंद केल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. हिरडीतून थोडे रक्त आले म्हणून गोळी परस्पर थांबवू नये, डॉक्टरांना फोन करावा. काळी शौच, रक्ताची उलटी, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल, तर मात्र फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.