देवाच्या दारीं एक दिवस

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा प्रश्न उपस्थित झाला, आणि वडील मंडळींपैकीं कोणालाही त्याचें उत्तर देतां येईना. आमचा धाकटा पुतण्या आगगाडीच्या स्टेशनांचीं नांवें पाठ म्हणून दाखवीत होता. मध्येंच थांबून तो म्हणाला, "काका, चर्चगेटचें चर्च कोठें आहे? आणि मशीद स्टेशनची मशीद कोणती?" आमचें सारें आयुष्य या मुंबई शहरांत गेलें. या दोन्ही स्टेशनांवर आम्ही किती वेळां उतरलों असूं याची गणती नाहीं. परंतु तें चर्च व ती मशीद पाहण्याची बुद्धि आम्हांला आजवर झाली नव्हती, हें कबूल करणें भाग पडलें.

तेव्हां असें ठरलें कीं, एक दिवस मुलांना बरोबर घेऊन मुंबईंतील निरनिराळ्या धर्मांचीं देवस्थानें पाहावीं. आमच्या मातोश्रींनीं वयाचीं ऐशीं वर्षें ओलांडलीं आहेत. त्यांचें सोवळें आतां पूर्वींसारखें कडक राहिलेलें नाहीं, तरी परक्या धर्माच्या मंदिरांत पाऊल ठेवण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधीं आला नव्हता. त्या घरीं राहतील असें गृहीत धरून आम्हीं मोटार ठरविली. परंतु निघण्याच्या वेळीं त्या शाल घेऊन दारांत उभ्या! "मीही येतें. आतां नाहीं पाहिलें, तर मग कधीं पाहायचें?" असें त्या म्हणाल्या, आणि वहिनींनीं निमूटपणें त्यांच्या औषधांची पिशवी मोटारींत नेऊन ठेवली.

प्रथम चर्चगेटचा उलगडा केला. मुंबईच्या कोटाला पूर्वीं तीन दरवाजे होते. त्यांपैकीं एकांतून आंत शिरून सरळ गेलें कीं सेंट थॉमसचें चर्च लागे, म्हणून तो दरवाजा चर्चगेट. सर बार्टल फ्रियर हे १८६२ सालीं गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींत कोटाची भिंत पाडली गेली, दरवाजाही गेला. मागें नांव तेवढें उरलें. स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटें चालत गेलें कीं तें चर्च दिसतें. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांच्या काळीं, सतराव्या शतकांत, त्याच्या भिंती उभारण्यास आरंभ झाला. पुढें काम कित्येक वर्षें अर्धवट पडून राहिलें, आणि अखेर १७१८ च्या नाताळांत तें उपासनेसाठीं खुलें झालें. आंत कंपनी सरकारच्या अंमलदारांचीं व शिपाईगड्यांचीं संगमरवरी स्मारकें आहेत. त्यांपैकीं जोनाथन डंकन या गव्हर्नराच्या स्मारकापुढें आम्ही अंमळ थांबलों. काशी प्रांतांत व काठेवाडांत जन्मतःच मुली मारण्याची जी दुष्ट चाल होती, ती बंद करण्यासाठीं या गृहस्थानें खटपट केली, हें ऐकतांच मातोश्रींनीं त्या दगडाला हात जोडले. आम्ही कोण, कोठले, हें तेथें आम्हांला कोणींही विचारलें नाहीं.

तेथून आम्ही जवळच्याच एका अग्यारीपुढें आलों. दाराशीं चंदनाचीं काष्ठें विकावयास ठेवलीं होतीं. मुलें पायरी चढूं लागतांच पांढरा डगला घातलेले एक वृद्ध पारशी गृहस्थ पुढें आले व अत्यंत नम्रपणें म्हणाले, "माजी, माफ करा. आंत फक्त आमच्या धर्माच्याच लोकांना जातां येतें." हा नियम आम्हांला ठाऊक होता, बाहेरूनच इमारत दाखवावी, एवढाच आमचा बेत होता. आम्हीं मुलांना तेथेंच फुटपाथवर उभें राहून समजावून सांगितलें कीं, आंत मूर्ति नसून पवित्र अग्नि आहे. दिवसाच्या पांच प्रहरांत त्याला पांच वेळां चंदन अर्पण होतें. आणि आतश बेहराम म्हणून जो सर्वांत श्रेष्ठ अग्नि, तो सिद्ध करतांना विजेपासून लागलेल्या अग्नीसह सोळा प्रकारचे अग्नि एकत्र करावे लागतात. मुंबईंत असे चार आतश बेहराम आहेत. आणि या लोकांनीं इराणांतून येऊन या भूमींत प्रज्वलित केलेला मूळचा अग्नि १७४२ पासून उदवाड्यास आहे.

मुलानें हें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण काका, आपण काय वाईट केलें आहे, म्हणून आपल्याला आंत घेत नाहींत?"

आम्ही कांहीं बोलणार, तोंच आमचें लक्ष मातोश्रींकडे गेलें. पहिल्या पायरीवर ठेवलेलें पाऊल त्यांनीं हळूच मागें घेतलें होतें. पुढच्या साऱ्या रस्त्यांत त्या एक शब्दही बोलल्या नाहींत.

मांडवी भागांत सॅम्युएल स्ट्रीट नांवाचा एक गजबजलेला रस्ता आहे. तेथें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. कोकणांतील बेने इस्रायल, म्हणजे यहुदी लोक, आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आले; आणि मशीद हें स्टेशनचें नांव या जुन्या मशिदीवरूनच पडलें असें सांगतात. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर नांवाच्या एका बेने इस्रायल अधिकाऱ्यानें हें मंदिर स्थापिलें; सध्यांची जागा मात्र १८६० सालची. हे दिवेकर कंपनीच्या फौजेंत असतां टिपूच्या कैदेंत सांपडले होते. जिवंत सुटलों तर देवाचें मंदिर बांधीन, असा त्यांनीं नवस केला होता अशी आख्यायिका आहे.

आम्हीं आधीं परवानगी घेतली होती. दारावरच्या वृद्ध गृहस्थांनीं मातोश्रींना पाहतांच म्हटलें, "या आजी, सांभाळून या. अगोदर खुर्चीवर बसा बघूं." हें शुद्ध घरगुती मराठी ऐकून मातोश्रींचा चेहरा एकदम खुलला. "तुम्ही कोठले?" असा आपल्याकडचा पहिला प्रश्न त्यांनीं केला, आणि त्या गृहस्थांचें आडनांव मातोश्रींच्या माहेराजवळच्याच, अलिबागेकडील एका गांवावरून पडलेलें निघालें! मग काय विचारतां? शनवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणविले जाणारे शेजारी मातोश्रींना आठवले. एलियाहू पैगंबराच्या नांवानें होणारा मलिदा आठवला. मुलांनीं तोंवर चर्मपत्रावर हातानें लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या कोणत्या कपाटांत ठेवतात तें पाहून घेतलें.

त्या गृहस्थांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनांत रुतून बसली. १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झाल्यावर यांच्यापैकीं पुष्कळ लोक मोठ्या भक्तीनें तिकडे गेले. परंतु तेथील कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढली, कीं हे कोकणांतले लोक पुरते यहुदी आहेत कीं नाहींत? लग्नें लावण्यास अडथळे येऊं लागले. या मंडळींना निदर्शनें करावीं लागलीं, तेव्हां कोठें १९६४ सालीं त्यांचा समान हक्क मान्य झाला. "शेंकडों वर्षें शब्बाथ पाळला, आजी, आणि आपल्याच घरच्या दाराशीं दाखला मागितला!" असें ते म्हणाले. मातोश्रींनीं नुसती मान हलविली.

दुपारीं ओहोटी पाहून हाजी अलीच्या दर्ग्यास गेलों. समुद्रांतून जाणारी ही वाट भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाते, हें मुलांना सर्वांत जास्त आवडलें. येथील कबरीच्या गाभाऱ्यापर्यंत जाण्यास स्त्रियांना कांहीं वर्षें मनाई करण्यांत आली होती. दोन मुस्लिम भगिनींनीं त्याविरुद्ध दाद मागितली. ऑगस्ट २०१६ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें स्त्रियांच्या बाजूनें निकाल दिला, आणि पुढें दर्ग्याच्या विश्वस्तांनींही तो मान्य केला. आपल्या शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना मोकळा झाला तोही त्याच वर्षीं. ओलसर वाटेवर मातोश्रींचा पाय अडखळला, तेव्हां बुरखा घेतलेल्या एका अनोळखी बाईंनीं त्यांचा हात धरला आणि दर्शन होईपर्यंत सोडला नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर मातोश्री आपण होऊन बोलूं लागल्या.

"माझे आजोबा दर आषाढीला पंढरपुरास जात. साने गुरुजींनीं उपोषण केलें आणि विठोबाचें देऊळ सर्वांना उघडलें, तेव्हां मी चार-पांच वर्षांची असेन. मला आठवतें तें पुढचें. त्यानंतर आजोबा पुन्हां पंढरपुरास गेले नाहींत. 'तेथें आतां देव राहिला नाहीं' असें म्हणत. आम्हां मुलांना तो त्यांचा करारीपणा वाटे. मीही तुम्हांला तो मोठ्या कौतुकानें सांगितला आहे. आज त्या पारशाच्या दारांत माझा पाय मागें आला, आणि मनांत आलें, ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या पायरीखालीं उभें केलें, त्यांचे पाय किती वेळां असे मागें आले असतील!"

यावर आमच्या बंधूंनीं शंका काढली, कीं पारशांनीं आम्हांला अडविलें तें तरी कोठें योग्य? आम्हांला वाटतें, या दोन गोष्टींत मोठें अंतर आहे. अग्यारीचें दार आम्हांला बंद असलें, तरी तो अग्नि आमचें दैवत नव्हे. त्याच्यावांचून आमचें कांहीं अडत नाहीं, आणि त्या वृद्ध गृहस्थांनीं आम्हांला हीन लेखलें नाहीं. उलट, पंढरीच्या वाळवंटांत जे विठ्ठलाचेंच नांव घेत होते, त्यांनाच आमच्या पूर्वजांनीं विठ्ठलाचें दार बंद केलें. १९३० सालीं डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह झाला, तो रामाच्या दर्शनासाठींच. आणि तेथेंही दार उघडलें नाहीं. परक्यास आपल्या घरांत न घेणें ही एक गोष्ट. घरच्याच माणसाला तूं परका आहेस असें सांगणें ही अगदीं निराळी गोष्ट. बेने इस्रायल मंडळींना जें दुःख थोडीं वर्षें सोसावें लागलें, तें आपल्याकडे कित्येक शतकें चाललें. आणि तें चालविणारांत आमच्यासारखींच सुशिक्षित, सदाचारी म्हणविणारीं घराणीं होतीं. हें मुलांना सांगतांना आम्हांला संकोच वाटला. परंतु चर्च कोठें आहे हें सांगून हें मात्र लपवावें, हें आम्हांला बरें दिसेना.

आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं असा एक दिवस अवश्य काढावा, अशी आमची विनंति आहे. त्यासाठीं फार तयारी लागत नाहीं. परवानगी लागेल तेथें ती आधीं मागावी. डोकें झांकण्यास एखादा रुमाल किंवा ओढणी जवळ असावी. प्रार्थना चालू असतां बोलूं नये, व विचारल्यावांचून छायाचित्रें काढूं नयेत. आणि जेथें आंत घेणार नाहींत तेथेंही मुलांना घेऊन जावें. आम्हीं त्या दिवशीं सर्वांत अधिक जें शिकलों, तें त्याच दारावर.

मातोश्रींनीं येत्या आषाढीनंतर, गर्दी ओसरल्यावर, पंढरपुरास जाण्याचें ठरविलें आहे, आणि धाकटा पुतण्या त्यांच्याबरोबर जाणार आहे. महाद्वाराशीं, नामदेवाच्या पायरीसमोर, चोखोबांची समाधि आहे. आजपर्यंत दर्शनाच्या घाईंत त्या तेथें नुसता हात लावून पुढें जात. या वेळीं तेथें अगोदर बसायचें आणि मग आंत जायचें, असें त्यांनीं त्याला सांगून ठेविलें आहे.