बॅटरीची गाडी आणि आपलं दिग्व्रत



सध्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी एकच चर्चा चालू आहे. जुनी पेट्रोलची गाडी काढून बॅटरीची घ्यायची का? मुलं म्हणतात, "आई, आता कशाला? रिक्षाने जा, नाहीतर आम्ही सोडतो." सोडतात, नाही असं नाही. पण सकाळी साडेसहाच्या अभिषेकाला त्यांची झोप मोडायची, आणि स्वाध्याय संपल्यावर कोणीतरी न्यायला येईपर्यंत मंदिराच्या पायरीवर बसून राहायचं, हे किती दिवस? माझं स्पष्ट मत आहे की जिला गाडी चालवायची सवय आहे आणि डोळे-गुडघे साथ देतात, तिने साठीनंतरही स्वतःची गाडी ठेवावी. बॅटरीची तर जरूर घ्यावी. पण योग्य कारणासाठी.

पैसे वाचतात म्हणून घेऊ नका. कॉमर्स शिकलेली आहे, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. मंदिर, भाजी, बँक आणि एखादी मैत्रीण धरून आपलं रोजचं फिरणं 8 किलोमीटरच्या पुढे जात नाही. महिन्याला झाले 240. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 देते, म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे रुपयांचं पेट्रोल. बॅटरीच्या गाडीला 100 किलोमीटरला साधारण 3 ते साडेतीन युनिट लागतात; युनिट 12 रुपये धरलं तरी महिन्याचे शंभराच्या आसपासच. वर्षाला वाचले साडेपाच हजार. उद्या वॉरंटी संपल्यावर बॅटरी बदलायची वेळ आली तर पन्नास हजारांच्या घरात जातं. रोज 40 किलोमीटर जाणाऱ्या मुलाचा हिशेब वेगळा, आपला वेगळा. शोरूममधला माणूस त्याचा हिशेब आपल्याला ऐकवतो.

दुसरं, ही गाडी "अहिंसक" आहे असं म्हणत घेऊ नका. धूर आपल्या गल्लीत येत नाही, हे खरं आणि चांगलंच आहे. पण महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोराडी-चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच होते. वीज सचित्त की अचित्त यावर तर आपल्या साधूंमध्येच मतभेद आहेत. आपले महाराज, माताजी पायी विहार करतात. आपण श्रावक, वाहन वापरतो, तेवढं आरंभाचं पाप आपल्या खात्यावर असतंच. ते कमी करणं आपल्या हातात आहे, जाहिरातीच्या हातात नाही. उलट चार्जिंग स्वस्त आहे म्हणून कोथिंबिरीसाठी एक फेरी आणि लिंबांसाठी दुसरी, असं सुरू झालं तर तो प्रमादचर्याच. अनर्थदंडात बसतो.

मग घ्यायची कशासाठी? अंगाला सोसते म्हणून. किक नाही, क्लच-गिअर नाही, हादरे कमी. पाय ठेवायची जागा सपाट, त्यावर पूजेची पिशवी राहते. काही गाड्यांना रिव्हर्स असतो. मंदिराबाहेर दाटीत लावलेली गाडी मागे ओढताना कंबरेत चमक भरते ना, तिथे याचं महत्त्व कळतं.

विनालायसन्सच्या गाडीबद्दल नेहमी विचारलं जातं. मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 पर्यंत असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पेठेतल्या पेठेत फिरणारीला ती पुरते. पण कोल्हापूर-सांगली रस्त्यावर 25 च्या वेगाने जाणाऱ्या बाईच्या कोपराला घासून एसटी जाते, तिथे ती गाडी नकोच. आणि काही विक्रेते "लायसन्स लागत नाही" म्हणून 45 ने पळणारी गाडी गळ्यात मारतात. अपघात झाला तर निस्तरायचं आपल्याला. लायसन्स असेल तर ते चालू ठेवा. पंचावन्नी उलटल्यावर नूतनीकरण 5-5 वर्षांचंच होतं, तारीख आत्ताच बघून ठेवा.

चालवताना माझ्या मते सगळ्यात मोठा धोका शांतपणाचा. गाडी चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही. उभ्या गाडीवरून पिशवी उचलताना हात मुठीवर गेला की ती उसळी घेते. म्हणून पाय खाली टेकला की आधी चावी बंद. गल्लीतल्या कुत्र्याला, मुलाला आपण येतोय हे ऐकू येत नाही. ईर्यासमिती साधूंची खरी, पण चार हात पुढची जमीन बघून जायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही. पावसाळ्यात तर गोगलगाया, बेडकं रस्त्यावरच असतात. चातुर्मासात मी तुंबलेल्या पाण्यात गाडी घालत नाही, जिवांसाठीही आणि मोटरसाठीही.

चार्जिंगसाठी अर्थिंग नीट असलेला पॉइंट हवा, लोंबती एक्स्टेन्शन वायर नको. 2022 साली काही गाड्यांना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीचे निकष कडक केले. तेव्हा जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. काढता येणारी बॅटरी सोयीची वाटते, पण ती दहा-बारा किलोची असते. लिफ्ट नसेल तर तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार?

रेंजचं म्हणाल तर कागदावर लिहिलेल्या आकड्याचे दोन तृतीयांश धरा. कागदावर 100 असेल तर कोल्हापूरहून कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन येता येईल, पण मागे कोणी बसलं तर काळजी लागेल. मला ही मर्यादा आवडते. दिग्व्रतात आपण दिशांची मर्यादा घेतो, देशव्रतात रोजची आणखी आवळतो. ज्यांनी व्रत घेतलं आहे त्यांनी गाडीची रेंज त्या मर्यादेच्या आतली बघावी, जास्तीचे पैसे देऊ नयेत. आणि सूर्यास्ताआधी जेवायला घरी यायचंच असतं, तेव्हा रात्री हेडलाइटच्या झोतात डोळे दिपायचा प्रश्न आपल्याला तसा कमीच.

परिग्रहाचंही बघा. नवी आणली की जुनी "असू दे" म्हणून जिन्याखाली ठेवायची नाही.

घ्यायला जाताना ड्रेस घालून, बूट चढवून जाऊ नका. रोज जी साडी आणि चप्पल असते त्यातच जा. सीटवर बसून दोन्ही पावलं पूर्ण टेकतात का बघा, नुसते चवडे नकोत. चढावर थांबवून बघा, मागे ढकलून बघा, साडीगार्ड मागून घ्या. हेल्मेट अंबाड्यावर बसतं का तेही तिथेच बघा, बसत नसेल तर वेणी घाला. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे लेखी घ्या. आणि मुलाला सोबत न्यायचं तर न्या, पण चालवून तुम्ही बघा.