वाचता वाचता पोर थांबले तर



यावेळी आमच्याच घरातली एक चूक तुमच्यापुढे मांडतो. आमची भाची सातवीत शिकते. तिचे वडील पाळीवर कामाला जातात, आई चार घरची धुणीभांडी करते. म्हणून संध्याकाळी ती आमच्या खोलीत बसते. आमची नजर आता अधू झाली, तेव्हा ती मोठ्याने वाचते आणि आम्ही ऐकतो.

गेल्या महिन्यात तिने शाळेतून साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आणले. पोरगी गुमान वाचणारी नव्हे. श्याम पोहायला भिऊन लपला तेव्हा ती खदखदून हसली. आईने त्याला मारले तेव्हा म्हणाली, “आमची आईपण अशीच!” अशी वाचता वाचता तिची बडबड चालू असायची.

मग ती गोष्ट आली. एका अस्पृश्य म्हातारीची मोळी खाली पडते. कोणी हात लावत नाही. आई श्यामला पाठवते, मोळी उचलून दे म्हणते. पण घरी येऊन आंघोळ करण्याची गोष्टही त्यातच निघते. पोरगी तिथेच थांबली. बोट ओळीवर ठेवून म्हणाली, “मामा, मोळी उचलून दिली ते चांगलं केलं. मग आंघोळ कशाला?”

आम्ही दिवसभराचे दमलेले. टीव्हीवर बातम्या लागायच्या होत्या. आम्ही म्हणालो, “पुढं वाच. मधे मधे बोलू नको.”

तिने पुढे वाचले, पण आवाज सपाट. दुसऱ्या दिवशी ना हसणे, ना बोलणे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आज अभ्यास आहे.” आम्ही काय घालवले ते त्या रात्री आम्हाला कळले.

बाबासाहेबांनी 1956 साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली होती. 1957 साली ग्रंथ निघाला, त्यात ती छापली गेली नाही. तीत त्यांनी आपल्या लहानपणीच्या वाचनाची हकीकत सांगितली आहे. सुभेदार रामजीबाबा मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. बाल भीमरावांनी विचारले, ज्यात आपल्या लोकांची हीनताच सांगितली ते आपण का वाचायचे? रामजीबाबांना तो प्रश्न रुचला नाही. तुम्ही पोरं आहात, सांगितले ते करा, अशा अर्थाचे त्यांनी सुनावले. म्हणजे आम्ही केले तेच.

पण पुढे ऐका. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी बाप उत्तर तयार ठेवून होता. त्यांनी समजावले की आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, लहान माणसेही किती उंच जातात हे कळावे, म्हणून हे वाचायचे. मुलाला त्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम, कोणाचे वागणे आपल्याला का पटत नाही हे त्याने स्पष्ट सांगितले. बाप गप्प राहिला. त्याने मारले नाही, पुस्तक हिसकावले नाही.

हे प्रश्न विचारण्याआधीच केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले होते. ते पुस्तक वाचताना मन कोरे नव्हते, तुलना करायला आधीचे वाचन होते, असे बाबासाहेब सांगतात. आम्ही त्यात एक भर घालतो. जुन्या पुस्तकांबद्दल मनात आलेले प्रश्न कोणी चिरडून टाकले नाहीत, म्हणूनच तो मुलगा बुद्धापर्यंत पोचला.

रविवारी आम्ही भाचीला बोलावले. म्हणालो, “त्या दिवशी चुकलं आमचं. तुझ्या प्रश्नावर आम्ही विचार केला.” मग सांगितले, की गोष्ट गुरुजींच्या लहानपणाची, त्या काळच्या घरांत विटाळ पाळला जाई, चांगली माणसेही त्यातून सुटलेली नव्हती. पण त्याच गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले.

पोरीने ऐकून घेतले. मग म्हणाली, “ते ठीक आहे मामा. पण त्या म्हातारीनं घरी जाऊन काय सांगितलं असेल?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही गप्प बसलो. पण या वेळच्या गप्प बसण्याने ती रुसली नाही. “मीच लिहिते,” म्हणाली आणि वही मागितली.

तेव्हा आयाबायांनो, बापांनो, एवढे करा. पोर वाचताना थांबले तर हातातले काम क्षणभर ठेवा. उत्तर येत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणा, आणि खरेच सांगा. तुम्हाला अक्षरओळख नसली तरी कानाने ऐकता येते. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यावर रेघा ओढू देऊ नका, दहा-वीस रुपयांची एक वही द्या. पटले ते एका बाजूला, पटले नाही ते दुसऱ्या बाजूला लिहू द्या.

आमच्या भाचीची वही चार पाने भरली आहे. म्हातारी अजून घरी पोचायची आहे.

जयभीम.