मताला कराचा काटा



मत मिळालं की राज्य आपलं झालं, असं कुणी सांगू लागला तर त्याला जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याची हकीकत विचारा. आपल्याच धंद्याची माणसं ती. सूत काढणारी, साच्यावर उभी राहणारी.

पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनी हे अनेक राज्यांचं साम्राज्य होतं. साऱ्या देशाच्या राइशटागसाठी पंचविशी गाठलेल्या पुरुषाला एक मत, बाईला मुळीच नाही. पण राज्याचं विधिमंडळ कसं निवडायचं ते ज्या त्या राज्यानं ठरवायचं, आणि पोलीसही राज्याचेच! सॅक्सनीत समाजवादी पक्षाचे आमदार निवडून येऊ लागले तशी मालकमंडळी हादरली. १८९६ साली त्यांनी कराप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग पाडले. मूठभर धनिक पहिल्या वर्गात, आम जनता तिसऱ्यात, आणि तिन्ही वर्गांचं वजन सारखं! १९०१ पर्यंत विधिमंडळात कामगारांचा एकही माणूस उरला नाही. अन् १९०३ साली त्याच सॅक्सनीनं राइशटागच्या २३ पैकी २२ जागा त्याच पक्षाच्या पदरात टाकल्या. माणसं तीच, काटा तेवढा निराळा.

त्याच साली ऑगस्टात क्रिमिचाऊ गावच्या कापड गिरण्यांत संप झाला. मागणी काय, तर दहा तासांचा दिवस. (आपल्याकडे तो कायदा १९३४ साली झाला.) मालकांनी टाळेबंदी ठोकली. सुमारे ८ हजार कामगार, त्यात बाया पुष्कळ, ऐन थंडीत तग धरून राहिले. देशभरच्या कामगारांनी पैसा धाडला. सरकारनं सभा बंद केल्या. विधिमंडळात जाब विचारणारा कोण होता? जानेवारी १९०४ मध्ये संप हात हलवत मागे घ्यावा लागला. आम्ही म्हणतो, तो १८९६ सालीच अर्धा मोडला होता.

पुढं १९०९ साली ‘सुधारणा’ आली. मत पुरुषांना, पण पैसेवाल्याला, जमीनवाल्याला, शिकलेल्याला जादा, चारापर्यंत! कामगारांच्या पक्षाला ९१ पैकी २५ जागा मिळाल्या. शून्यापेक्षा बऱ्या, हे कबूल. पण एकाची चार मतं ही कसली सुधारणा?

शेजारच्या प्रशियात तीन वर्गांचा कायदा १८४९ पासूनचा, आणि मत तोंडानं, चारचौघांत सांगायचं. मुकादम ऐकतोय! १९१० च्या मार्चात बर्लिनचे कामगार रस्त्यावर आले. पोलीस ट्रेप्टोवच्या बागेत टपून बसले आणि लोक जमले टिअरगार्टनमध्ये. पण सरकारचं विधेयक त्याच वर्षी बारगळलं.

शेवटी युद्ध हरलं, राजे गादीवरून उतरले. नोव्हेंबर १९१८ मध्ये स्त्री-पुरुष सर्वांना एकच मत जाहीर झालं. आठ तासांचा दिवसही त्याच महिन्यात आला.